‘फ्लोट’ आणि ‘तरणे’ : एका समीकरणाची चिकित्सा

इंग्रजी भाषेतील ‘फ्लोट’ हा शब्द दिसावयास साधा, परंतु अनुवादकास अडवून धरणारा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर न बुडता राहणे हा त्याचा मूळ अर्थ. तेथून निघून तो ज्या ज्या व्यवसायात शिरला, त्या त्या ठिकाणी त्याने निराळा अर्थ धारण केला. मासे धरण्याच्या गळाला बांधलेला हलका ठोकळा हा फ्लोट. टाकी भरताच तोटी बंद करणारा पोकळ गोळा हाही फ्लोट. गिलावा सपाट करण्याचे गवंड्याचे अवजार, मिरवणुकीतील सजविलेला रथ, दुकान उघडताना गल्ल्यात ठेवलेली सुट्या पैशांची रक्कम, इतकेच नव्हे तर आइसक्रीमचा गोळा सोडलेले पेय, या सर्वांना तेच नाव आहे. क्रियापद म्हणून त्याचा विस्तार याहून मोठा. कंपनी, कर्जरोखा, कल्पना, अफवा आणि देशाचे चलन यांपैकी काहीही इंग्रजीत ‘फ्लोट’ करता येते. आणि मतदार, लोकसंख्या, व्याजाचा दर, मालमत्तेवरील बोजा ही सारी ‘फ्लोटिंग’ असू शकतात.

मराठी बोलणाऱ्यास या शब्दावाचून कधी अडले आहे असे दिसत नाही. मिरवणुकीतल्या फ्लोटला तो चित्ररथ म्हणतो, टाकीतल्या गोळ्याला नळजोडणी करणाऱ्याचाच ‘बॉलकॉक’ हा शब्द वापरतो, गल्ल्यातील रकमेला सुटे किंवा मोड म्हणतो. कंपनी मराठीत ‘काढली’ जाते, भांडवल ‘उभारले’ जाते, कर्जही ‘काढले’ जाते. विहिरीचे पाणी आणि सावकाराचे कर्ज या दोहोंसाठी या भाषेने एकच क्रियापद ठेवले आहे, ही गोष्ट सहज घडलेली असली तरी अर्थपूर्ण आहे. एखादी कल्पना लोकांना कितपत रुचते हे अजमावण्यासाठी इंग्रज ती पाण्यावर सोडतो, तर मराठी माणूस ‘खडा टाकून पाहतो’. अफवेची तो ‘पुडी सोडतो’. मत न ठरलेला मतदार ‘काठावरचा’ असतो. या प्रत्येक प्रयोगामागे स्वतंत्र प्रतिमा आहे आणि त्यांपैकी एकीलाही तरंगण्याची गरज भासलेली नाही.

अडचण निर्माण होते ती परिभाषेच्या क्षेत्रात. परिभाषाकार एका मूळ शब्दासाठी एकच प्रतिशब्द शोधतो. कोशाच्या पहिल्या अर्थाशी थांबतो. आणि तेथे मिळालेला शब्द उरलेल्या सर्व अर्थांना लावतो. ‘तरता विनिमय दर’, ‘तरता व्याजदर’, ‘तरती लोकसंख्या’ ही रूपे अशीच तयार झालेली आहेत. कधी त्यांत ‘तरता’च्या जागी ‘तरंगता’ येते, जणू ती दोन्ही एकच आहेत. या रूपांवर आतापर्यंत झालेली टीका बहुधा ‘शब्द कृत्रिम आहे’ एवढ्यावरच थांबते. ती अपुरी आहे. कृत्रिम शब्दही रुळतात. या रूपांतील दोष निराळा आणि अधिक खोल आहे : ‘फ्लोट’ आणि ‘तरणे’ हे समीकरणच चुकीचे आहे.

ऐतिहासिक व्युत्पत्तीची साक्ष प्रथम पाहू. इंग्रजी ‘फ्लोट’ हा ‘फ्लो’, ‘फ्लड’, ‘फ्लीट’ यांच्या कुळातला आहे. जर्मानिक शाखेत मूळ ‘प’काराचा ‘फ’कार होतो, हा ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला ध्वनिनियम येथे लावला असता या कुळाचा संस्कृतातील सगोत्र धातू हाती येतो, तो ‘प्लु’. प्लव, प्लवन, आप्लावित, जलप्लावन ही त्याची रूपे. मराठीत हा धातू पंडितांच्या आश्रयाने राहिला. भौतिकशास्त्रातील ‘प्लावक बल’ आणि व्याकरणातील तीन मात्रांचा ‘प्लुत’ स्वर हे त्याचे विद्यार्थ्यांस परिचित असे अवशेष होत. ‘तरणे’ हे क्रियापद मात्र संस्कृत ‘तॄ’ या धातूचे. याच ध्वनिनियमाने ‘त’काराचा मागोवा घेतला तर इंग्रजीतील त्याचा आप्त ‘फ्लोट’ नसून ‘थ्रू’ हा आहे, आणि लॅटिनमधील ‘ट्रान्स’ हा. म्हणजे ‘प्लु’ कुळाचे लक्ष पाण्याच्या वरच्या थराकडे, तर ‘तॄ’ कुळाचे लक्ष पलीकडच्या काठाकडे. एकात राहणे आहे, दुसऱ्यात जाणे आहे.

केवळ व्युत्पत्तीवरून आजच्या अर्थाचा निर्णय करणे हा जुना प्रमाद आहे. शब्द आपले मूळ विसरतात. म्हणून ‘तॄ’ कुळातील मराठी शब्दांना ते मूळ आजही स्मरते की नाही, हा खरा प्रश्न होय. त्यासाठी शब्द वहीत न पाहता एखाद्या गावाच्या व्यवहारात पाहणे सोयीचे. आणि ज्याच्या नावातच हा धातू आहे, असे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे गाव त्या दृष्टीने उपयुक्त उदाहरण आहे. जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखलेली आहे. नदीपलीकडे बीड जिल्हा लागतो. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात, आणि एकनाथांचे पैठण त्याच नदीच्या वरच्या अंगाला. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याने या परिसरातील शेतीचे, आणि तिच्याबरोबर कर्जव्यवहाराचेही, स्वरूप पालटले.

‘तीर्थ’ म्हणजे मुळात ओलांडण्याची जागा : नदी जेथे पायउतार असते, जेथे पाण्यात शिरून पलीकडे जाता येते असे ठिकाण. त्यावरून पाण्यात उतरण्याचा घाट, त्यावरून स्नानाचे स्थान, त्यावरून पवित्र क्षेत्र. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याचे अठरा प्रमुख अधिकारी ‘तीर्थ’ या संज्ञेने येतात. जैनांचा तीर्थंकर हा शब्दशः उतार बांधून देणारा आहे. मराठीत तळहातावर घेतलेले पळीभर पाणीही तीर्थच, आणि पत्राच्या मायन्यात वडील ‘तीर्थरूप’. (मद्याला थट्टेने ‘तीर्थ’ म्हणण्याची रीतही सर्वांना माहीत आहे, तिची नोंद कोशकारांनी करावी, तिचे समर्थन करण्याचे कारण नाही.) एवढ्यावरून तीर्थपुरीस पूर्वी नदीचा उतार होता असे अनुमान मात्र काढता येणार नाही. गावांची नावे पुण्याईसाठीही ठेवली जातात, आणि याच नावाचे एक स्थान तिबेटात कैलासाच्या वाटेवरही आहे. येथे एवढेच सांगावयाचे की ओलांडण्याचा धातू गावाच्या नावात गोठलेला आहे आणि गावाच्या बोलण्यात मात्र तो वाहता आहे.

या वाहत्या कुळाची मोजदाद करताना सावधगिरी हवी, कारण ‘तर’ हा ध्वनी दिसला म्हणजे कूळ एक असे होत नाही. ‘जर-तर’मधील ‘तर’ संस्कृत ‘तर्हि’चा. ‘तरणाताठा’ हा ‘तरुण’चा. उत्तर दिशा आणि प्रश्नाचे उत्तर यांचा ओलांडण्याशी संबंध नाही. मिसळीवर लाल थर धरणारी तर्री ही तर प्रत्यक्ष तरंगते, आणि म्हणूनच ती फसविते. तिच्यामागे फारसीतील ‘तर’ म्हणजे ओला हा शब्द असण्याचा संभव अधिक. १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली राहिलेल्या, उर्दू-दखनीशी नित्य संबंध आलेल्या मराठवाड्यात तर असा विचार प्रथम करावयास हवा.

हे उपरे बाजूला काढल्यावरही जे उरते ते विपुल आहे. कोकणात खाडी ओलांडण्याची नाव ती ‘तर’, समुद्रातले ‘तारू’, पोहण्याचा ‘तरण तलाव’ हे पाण्याजवळचे शब्द झाले. पाण्यापासून दूर गेलेले शब्द अधिक बोलके आहेत. परीक्षेत ‘उत्तीर्ण’ होणारा विद्यार्थी शब्दशः पार गेलेला असतो. आणि तो जेमतेम पार गेला असेल तर बोलभाषा त्याला ‘काठावर पास’ म्हणते. बोलणाऱ्याला ‘उत्तीर्ण’ची फोड ठाऊक नसते, तरीही तो काठच आणतो! दुसऱ्याने करून ठेवलेला घोळ ‘निस्तरावा’ लागतो, म्हणजे त्यातून बाहेर पार पडावे लागते. जे पार करता येत नाही ते ‘दुस्तर’.

या कुळातील सर्वांत विलक्षण प्रवास ‘उतरणे’ या क्रियापदाचा आहे. संस्कृत ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येणे, काठावर चढणे. मराठी ‘उतरणे’ म्हणजे खाली येणे. दिशा पूर्णपणे उलटली. कारण नावेतून काठावर येणारा माणूस पाण्याच्या दृष्टीने वर येतो आणि नावेच्या दृष्टीने खाली. मधला दुवा ‘उतारू’ या शब्दात अजून जिवंत आहे. नदीला ‘उतार’ असणे म्हणजे ती ओलांडण्याजोगी असणे. तेथून पुराला उतार, तापाला उतार, उतारवय. ‘उतारा’ या एकाच नामाकडे पाहावे : विषावरचा उतारा, बाधा जावी म्हणून तिठ्यावर ठेवलेला उतारा, प्रवासी जेथे थांबतो तो उतारा, पाठ्यपुस्तकातील उतारा, आणि तलाठ्याकडून मिळणारा सात-बाराचा उतारा. पुस्तकातून ‘उतरवून’ घेतलेल्या मजकुरास तद्भवात ‘उतारा’ म्हणतात आणि तत्समात ‘अवतरण’. दोन्ही शब्द ‘तॄ’चेच, दोहोंचा अर्थ एक, पण उपसर्ग भिन्न. मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारलेली आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हे दोन्ही वर्णानुक्रमाने रचलेले असल्यामुळे ‘उतारा’, ‘तारण’, ‘तीर्थ’ आणि ‘निस्तरणे’ हे सख्खे आप्त त्यांत शेकडो पानांच्या अंतरावर बसतात. तो कोशांचा दोष नव्हे, वर्णक्रमाचा आहे. परंतु परिभाषाकार जेव्हा एकाच नोंदीवर विसंबतो तेव्हा त्याला हे आप्त दिसत नाहीत, एवढे खरे.

आणि त्याने जे पाहावयास हवे होते ते नेमके ऋणाच्या क्षेत्रात आहे. कर्ज देणारा जे ठेवून घेतो ते ‘तारण’. म्हणजे रक्कम बुडू लागली तर त्याला तारणारी वस्तू. उपकाराची फेड करणे म्हणजे ‘उतराई होणे’. हिंदीत ‘उतराई’ ही नावाड्याला द्यावयाची पार उतरविण्याची मजुरी आहे. मराठीत तो शब्द सर्व प्रकारच्या ऋणमुक्तीसाठी रूढ झाला. सात-बाराच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा ‘चढतो’ आणि कर्ज फिटल्यावर ‘उतरतो’. कर्ज परत न आल्यास ते ‘बुडते’, त्याला ‘बुडीत कर्ज’ म्हणतात. मजुरी बुडते, शाळा बुडते, आणि धरणाखाली गेलेली जमीन ‘बुडीत क्षेत्र’ ठरते. मराठीने ऋणाची कल्पना नदीसारखी केलेली आहे. तिच्यात शिरावे लागते, पलीकडे जावे लागते, आणि मधे बुडण्याचे भय असते. या चित्रात पाण्यावर नुसते राहण्याला स्थानच नाही.

ऊसतोडीसाठी दरवर्षी बीड-जालन्याकडून निघणाऱ्या मजुरांच्या शब्दांतही हीच वृत्ती आहे, फक्त प्रतिमा वेगळी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ही ‘उचल’, आणि ती कोयत्याच्या कामाने ‘फेडावयाची’ असते : उचललेले ओझे खाली ठेवणे, बांधलेली गाठ सोडणे. अशा माणसांची गणना जेव्हा ‘तरती लोकसंख्या’ या सदराखाली होते तेव्हा तो शब्द किती वरवरचा आहे हे निराळे सांगावयास नको. ‘ये-जा करणारे’ किंवा ‘हंगामी स्थलांतरित’ हे शब्द साधे आहेत आणि खरे आहेत.

आता ‘तरणे’ आणि ‘तरंगणे’ यांच्या संबंधाची भाषाशास्त्रीय परीक्षा करावयाची. भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टी सांगताना संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोधिता यांचा उल्लेख केला आहे. त्यांपैकी विरोधिता येथे निर्णायक ठरते. ‘तरणे’चा विरोधी शब्द ‘बुडणे’, आणि या जोडीला जेवढे लाक्षणिक अर्थ आहेत ते दोन्ही बाजूंना समांतर चालतात : दुकान बुडते किंवा तरते, पीक बुडते किंवा तरते. ‘तरंगणे’ला असा प्रतिस्पर्धी नाही. दुकान तरंगत नाही.

विभक्तीची साक्षही हीच. ‘तरणे’ अपादान आणि करण मागते : आजारातून तरला, नामस्मरणाने तरला. ‘तरंगणे’ अधिकरण मागते : पाण्यावर तरंगते, हवेत तरंगते. पहिल्यात एक संकट मागे पडलेले असते, दुसऱ्यात फक्त एक जागा असते. कालवाचक शब्द जोडून पाहिले तर भेद अधिक स्पष्ट होतो. ‘ओंडका तीन तास तरंगला’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘रोगी तीन तास तरला’ हे वाक्य कानाला खटकते, कारण तरणे ही पूर्ण होणारी क्रिया आहे, चालू राहणारी अवस्था नव्हे.

तिसरी साक्ष प्रयोजकाची. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, चरणे-चारणे या जुन्या स्वरवृद्धीच्या नियमाने तरणे-तारणे ही जोडी सिद्ध होते, आणि तिच्यामुळे ‘तारणारा’ असा कर्ता मिळतो. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण या जोडीवरच उभी आहे. ‘तरंगणे’ हे ‘तरंग’ या नामापासून झालेले क्रियापद. त्याला स्वरवृद्धीचा प्रयोजक नाही, आणि ‘तरंगवणे’ क्वचितच कोणी म्हणतो. इंग्रजी ‘फ्लोट’ मात्र रूप न बदलता अकर्मक आणि सकर्मक अशा दोन्ही रीतींनी चालतो. यातून होणारा गोंधळ एका उदाहरणाने पुरेसा कळेल. इंग्रजीत कंपनी ‘फ्लोट’ करणे म्हणजे तिचे भाग लोकांस देऊ करून ती सुरू करणे. हेच वाक्य ‘तरणे’च्या प्रयोजकाने लिहावे तर होते ‘कंपनी तारली’. आणि त्याचा अर्थ बुडावयास आलेली कंपनी वाचविली! उलट बाजूने, कर्जफेडीसाठी बाजूला काढलेल्या ‘सिंकिंग फंडा’ला ‘बुडता निधी’ म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही, हे सुदैव. तेथे परिभाषाकारांनी शब्द सोडून आशय धरला. ‘फ्लोट’च्या बाबतीत तेच करण्यास हरकत काय होती, ते समजत नाही.

परंपरेतील एक प्रसिद्ध प्रयोग या भेदावर लख्ख प्रकाश टाकतो. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी वारकरी संप्रदायात श्रद्धा आहे. ही कथा सांगताना प्रत्येक मराठी माणूस ‘गाथा तरली’ असे म्हणतो. ‘गाथा तरंगली’ असे कोणी म्हणत नाही, यद्यपि कथेच्या भौतिक बाजूस ते क्रियापद अधिक जवळचे आहे. विल्यम एम्पसन याने ‘द स्ट्रक्चर ऑफ काँप्लेक्स वर्ड्‌स’ (१९५१) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की काही शब्दांचे दोन अर्थ केवळ शेजारी नांदत नाहीत. त्यांच्यात एक समीकरण असते आणि शब्द उच्चारताच ते समीकरण विधानासारखे मांडले जाते. ‘गाथा तरली’ यात असेच विधान आहे : पाण्यावर आली आणि काळाच्या तडाख्यातून वाचली, आणि या दोन गोष्टी एकच होत्या. इंग्रजीत ‘फ्लोट’ने यातील पहिली बाजू सांगता येते, दुसरीसाठी वेगळे क्रियापद शोधावे लागते.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जाईल आणि तो योग्य आहे. ‘लोखंड बुडते, लाकूड तरते’ असे मराठीत म्हणतातच. तेथे ‘तरणे’ आणि ‘तरंगणे’ यांत भेद कोणता? भेद सूक्ष्म असला तरी आहे. ‘लाकूड तरंगते आहे’ हे समोर दिसणाऱ्या ओंडक्याचे वर्णन. ‘लाकूड तरते’ हे लाकडाच्या धर्माचे विधान, पाण्याच्या परीक्षेस ते टिकते असे सांगणारे. तथापि या एका बिंदूवर दोन्ही क्रियापदांची आणि ‘फ्लोट’चीही वर्तुळे परस्परांना स्पर्श करतात हे मान्य केले पाहिजे. परिभाषाकारांनी हा स्पर्शबिंदू पाहिला आणि वर्तुळे एकच आहेत असे ठरविले.

जेथे खरोखर पाण्यावर राहणे अभिप्रेत असते तेथे ‘तरंगता’ हे विशेषण उत्तम चालते. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्यावर फिरणाऱ्या आरोग्यनौकेस ‘तरंगता दवाखाना’ म्हणतात, आणि त्या नावात काहीही खटकत नाही. जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेला जाणाऱ्या मुलांच्या वार्ता २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तो तराफा तरंगत होता; मुलांना तरून जावयाचे होते. एवढा भेद ज्या भाषेला दोन क्रियापदांत करता येतो, तिने परिभाषेत तो का गमवावा?

‘तरता व्याजदर’ या प्रयोगाकडे आता वळावे, कारण येथे प्रश्न शब्दरसिकतेचा राहत नाही. घरासाठी कर्ज काढणारा तीर्थपुरीचा एखादा शेतकरी किंवा शिक्षक ज्या कागदावर सही करतो, त्या कागदावर ‘तारण’ हा शब्द असतोच. त्याच कागदावर व्याजदर ‘तरता’ आहे असे वाचले म्हणजे मराठी कान दोन्ही शब्द एका धातूचे म्हणून ऐकणार. ‘बुडीत कर्जा’च्या विरोधाने ‘तरते’ कर्ज म्हणजे सुखरूप कर्ज, धोका नसलेले कर्ज, असाच बोध होणार. वस्तुस्थिती नेमकी उलट. या दरात धोका ऋणकोकडे असतो. दर वाढला की हप्ता वाढतो किंवा फेडीची मुदत लांबते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना असा आदेश दिला की हप्त्यांनी फेडावयाच्या अशा वैयक्तिक कर्जांत दर नव्याने ठरविताना ऋणकोस स्थिर दराकडे वळण्याचा पर्याय द्यावा. पर्याय दिला, पण ज्या दोन शब्दांतून निवड करावयाची त्यांपैकी एक शब्द फसवा असेल, तर त्या निवडीला अर्थ किती उरतो?

‘तरता’च्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात. शब्द आटोपशीर आहे. आणि संज्ञेचा अर्थ शेवटी संकेताने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे. आटोपशीरपणा मान्य. संकेताचा मुद्दाही वर्गात मान्य होण्यासारखा आहे, कारण विद्यार्थी संज्ञेची व्याख्या पाठ करतो. परंतु कर्जाचा करार वाचणारा विद्यार्थी नसतो. त्याच्यापाशी व्याख्या नसते, भाषा असते. संकेत भाषेच्या विरुद्ध गेला तर अशा वाचकापुरता भाषेचाच विजय होतो. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे कार्य शासनव्यवहार लोकांना कळावा या हेतूने सुरू झाले होते. त्या हेतूची कसोटी अशाच कागदावर लागते.

पर्याय कोणता? ‘चल व्याजदर’ गणित शिकलेल्यास पुरेसा आहे. ‘बदलता व्याजदर’ सर्वांस समजतो, आणि वृत्तपत्रांत तो अधूनमधून येतोही. परंतु बदल कोणाच्या इच्छेने होतो, हे त्यात येत नाही. खरे तर इंग्रजी ‘फ्लोटिंग’नेही ते कधी सांगितले नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी घर, वाहन इत्यादींसाठी दिलेली अशा प्रकारची नवी कर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानकाशी जोडणे बंधनकारक झाले. म्हणजे ज्याला इंग्रजी सुटा तरंगणारा दर म्हणते तो प्रत्यक्षात दुसऱ्या दराला बांधलेला आहे.

बांधलेल्या तरंगत्या वस्तूसाठी मराठीत फार जुना शब्द आहे : ‘सांगड’. संस्कृत ‘संघाट’पासून आलेला हा शब्द मुळात वाळलेले भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून नदी ओलांडण्यासाठी केलेल्या साधनाचा. पोहणे शिकणारे मूल पाठीला सांगड बांधून पाण्यात उतरे. म्हणजे ‘फ्लोट’ या इंग्रजी नामाचा खरा मराठी समानार्थी हा. आणि त्याचा लाक्षणिक विस्तार मराठीने कोणत्या दिशेला केला हे पाहण्यासारखे आहे. ‘सांगड घालणे’ म्हणजे दोन गोष्टी एकमेकींना जोडणे, त्यांचा मेळ बसविणे. तरंगणाऱ्या साधनात इंग्रजाला त्याचे सुटेपण दिसले, मराठी माणसाला त्याची गाठ दिसली. ‘रेपो दराशी सांगड घातलेला व्याजदर’ असे लिहिले तर वाक्य लांबते, पण ऋणकोस कळावयास हवे ते सारे त्यात येते : दर हलणार, आणि कशाबरोबर हलणार.

विनिमय दराच्या बाबतीत हा शब्द उपयोगी पडणार नाही. १९७३ मध्ये प्रमुख देशांची चलने स्थिर दराच्या बंधनातून सुटली, आणि मार्च १९९३ पासून रुपयाचा दरही बाजारावर सोपविण्यात आला. तेथे गाठ सुटलेली आहे. रिझर्व्ह बँक प्रसंगी हस्तक्षेप करते तो वेगळा भाग. त्या दरास ‘बाजारनियत’ किंवा ‘खुला’ म्हणणे पुरे.